जुन्या संगणकाला नवी नोकरी

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’ला दिला जाणारा नियमित आधार थांबवला. मर्यादित मुदतवाढीची सोय ठेवली असली, तरी ‘विंडोज ११’च्या अटींत न बसणारे, साधारणपणे २०१७ पूर्वीचे असंख्य संगणक त्या दिवशी एका अर्थाने सेवानिवृत्त झाले. त्यांतल्या बहुतेकांत बिघाड असा काहीच नाही. पंखा फिरतो, पडदा उजळतो, फार तर कीबोर्डवरची दोन-चार अक्षरे पुसली गेलेली असतात. पण नवी ऑपरेटिंग सिस्टीम त्यांना घेत नाही आणि जुनी आता सुरक्षित राहिलेली नाही. मग असा संगणक आधी टेबलाखाली जातो, तेथून माळ्यावर, आणि एखाद्या दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्याच्या हातगाडीवर.

अशा यंत्राला घरबसल्या करता येण्याजोगे एक काम आहे. ते म्हणजे वेब सर्व्हरचे. कुटुंबाची छायाचित्रे, आजोबांची हस्तलिखित टिपणे, सोसायटीच्या सूचना किंवा गावच्या वाचनालयाची पुस्तकसूची स्वतःच्या यंत्रावर ठेवायची आणि ती घरातल्या, किंवा हवे तर जगातल्या, कोणालाही ब्राउझरमध्ये उघडता येईल अशी व्यवस्था करायची. त्यासाठी लागणारे सॉफ्टवेअर मोफत मिळते आणि यंत्र घरात असतेच. मात्र ‘मोफत’ हा शब्द तेथेच संपतो. सर्व्हर दिवसरात्र चालतो, त्यामुळे वीज खातो. तो जगासाठी उघडा ठेवला, तर त्याची राखण करावी लागते. जुने यंत्र वाचवल्याचे समाधान मिळवताना खिशाला आणि पर्यावरणाला उलटाच भुर्दंड पडत नाही ना, हा हिशेब म्हणूनच आधी मांडायला हवा.

काउंटरपलीकडचा ग्रंथपाल

सर्व्हर म्हटले की वातानुकूलित खोलीतली लुकलुकणारी कपाटे डोळ्यांसमोर येतात. प्रत्यक्षात सर्व्हर हे यंत्राचे नव्हे, कामाचे नाव आहे. वाचनालयात काउंटरपलीकडे बसलेला ग्रंथपाल जे करतो, तेच सर्व्हर करतो. वाचक चिठ्ठीवर पुस्तकाचे नाव लिहून देतो, ग्रंथपाल ते कपाटातून काढून हाती ठेवतो. पुस्तक नसेल तर ‘नाही’ म्हणून सांगतो. ब्राउझर एखादे पान मागतो, सर्व्हर डिस्कवरून ती फाइल काढून पाठवतो. फाइल सापडली नाही, तर ‘४०४’ हा सर्वांच्या परिचयाचा नकार पाठवतो.

या कामाला ताकद किती लागते, याचे उत्तर वेबच्या जन्मातच सापडते. युरोपातील ‘सर्न’ या भौतिकशास्त्र संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९९० च्या अखेरीस जगातला पहिला वेब सर्व्हर सुरू केला, तो त्यांच्या टेबलावरच्या ‘नेक्स्ट’ बनावटीच्या संगणकावर. त्याच्या प्रोसेसरचा वेग होता २५ मेगाहर्ट्झ. कोणी चुकून बटण बंद करू नये म्हणून त्यावर लाल शाईने लिहिलेली चिठ्ठी चिकटवलेली होती, ‘हे यंत्र सर्व्हर आहे, बंद करू नका’ अशा अर्थाची. आज माळ्यावर पडलेल्या दहा वर्षांपूर्वीच्या लॅपटॉपचा प्रोसेसर नुसत्या घड्याळाच्या वेगातही त्याच्या कैक पट पुढे आहे.

मराठी मजकुराचे उदाहरण घेता येईल. वेबवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या ‘यूटीएफ-८’ या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. त्या हिशेबाने १,००० शब्दांचा लेख साधारण २० किलोबाइटमध्ये मावतो. घरच्या ब्रॉडबँडचा अपलोडचा वेग ४० एमबीपीएस असेल, तर कागदावर असा लेख सेकंदाला २५० जणांना पाठवता येतो. मोबाइलवर काढलेले चार मेगाबाइटचे छायाचित्र मात्र सेकंदाला एखादेच जाईल. म्हणजे घरच्या सर्व्हरचा वेग जुना प्रोसेसर क्वचितच अडवतो. तो अडतो फायलींच्या आकारापाशी आणि घराबाहेर जाणाऱ्या तारेपाशी. छायाचित्रे वेबसाठी लहान करून ठेवली, तर ही अडचणही बरीच कमी होते.

दहा-बारा वर्षांपूर्वीचा संगणक आज संथ वाटतो तो आजचे ब्राउझर, व्हिडिओ कॉल आणि जडावलेली सॉफ्टवेअर चालवताना. सर्व्हरच्या कामात ना पडदा रंगवायचा असतो, ना व्हिडिओ दाखवायचा. मागितलेली फाइल पाठवायची आणि पुढच्या मागणीची वाट पाहायची. बहुतेक वेळ तर वाट पाहण्यातच जातो. खर्चाची खरी गोम या वाट पाहण्यातच आहे.

वॉटचा हिशेब

साधारण २००५ ते २०१० च्या सुमाराचा डेस्कटॉप मॉनिटर बंद ठेवून नुसता बसलेला असतानाही ६० ते १०० वॉट वीज घेतो. त्याच काळातला किंवा नंतरचा लॅपटॉप पडदा मिटलेला असताना १० ते २० वॉटवर भागवतो. रास्पबेरी पायसारखा तळहाताएवढा संगणक तीन ते पाच वॉटवर चालतो. घरातला दिवा विझवायला विसरल्यासारखा हा फरक वाटतो. पण सर्व्हर वर्षाचे ८,७६० तास चालतो.

८० वॉटचा डेस्कटॉप वर्षभरात सुमारे ७०० युनिट खातो. युनिटला नऊ रुपये धरले, तर ६,३०० रुपये झाले. वीजदर टप्प्यांनुसार वाढत असल्याने ज्या घराचा वापर आधीच वरच्या टप्प्याच्या उंबरठ्यावर आहे, तेथे हा आकडा आणखी चढतो. १५ वॉटचा लॅपटॉप वर्षाला १३० युनिटच्या आसपास, म्हणजे १,२०० रुपयांच्या आत राहतो. चार वॉटच्या छोट्या संगणकाला वर्षाला ३५ युनिट पुरतात.

पर्यावरणाचा हिशेबही याच आकड्यांतून निघतो. जुने यंत्र वापरात ठेवण्याच्या बाजूने सर्वांत भक्कम युक्तिवाद आहे तो उत्पादनाच्या खर्चाचा. संयुक्त राष्ट्र विद्यापीठाने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, त्या काळचा एक डेस्कटॉप आणि १७ इंची मॉनिटर बनवण्यासाठी किमान २४० किलो जीवाश्म इंधन, २२ किलो रसायने आणि १,५०० किलो पाणी लागत होते. संगणकाच्या आयुष्यातला मोठा भार तो दुकानात येण्याआधीच पडलेला असतो, हे त्यातून ठळकपणे पुढे आले. दिवसातून दोन-तीन तास वापरल्या जाणाऱ्या यंत्राला हे तंतोतंत लागू पडते. चोवीस तास चालणाऱ्या यंत्राला ते लागू पडेलच असे नाही.

भारतीय ग्रिडच्या एका युनिटमागे सरासरी ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. त्यामुळे ८० वॉटचा जुना डेस्कटॉप वर्षभर सर्व्हर म्हणून चालवला, तर सुमारे ५०० किलो कार्बन डायऑक्साइड त्याच्या नावावर जमा होतो. नवा लॅपटॉप बनवताना होणारे उत्सर्जन उत्पादक कंपन्या साधारण २०० ते ३०० किलोच्या घरात दाखवतात. म्हणजे वीजखाऊ डेस्कटॉप ‘वाचवण्यासाठी’ तो अखंड चालू ठेवणे हे वर्षभरातच नवे यंत्र घेण्यापेक्षा महाग पडते. जुना लॅपटॉप मात्र या परीक्षेत सहज उत्तीर्ण होतो. त्याचे उत्पादन झालेलेच आहे आणि वर्षाचे उत्सर्जन शंभर किलोच्या आत राहते.

आपले यंत्र कोणत्या गटात मोडते, हे अंदाजाने ठरवण्याची गरज नाही. प्लगला लावायचे वॉटमीटर बाजारात मिळते. तेही नको असेल, तर घरचा वीजमीटर आहेच. इलेक्ट्रॉनिक मीटरवरचा छोटा लाल दिवा किती वेळा लुकलुकला म्हणजे एक युनिट होते, हे मीटरवर छापलेले असते. ते ३,२०० असेल, घरातले बाकी सारे बंद असेल आणि फक्त संगणक चालू असताना दिवा मिनिटाला चार-साडेचार वेळा लुकलुकत असेल, तर यंत्र ८० वॉटचे आहे असे समजावे. मिनिटाला एकदा किंवा त्याहून कमी लुकलुकत असेल, तर ते सर्व्हरच्या नोकरीला पात्र आहे.

डेस्कटॉपच घरात असेल, तर तो चोवीस तास न चालवता संध्याकाळचे तीन-चार तास चालवणे हाही पर्याय आहे. घरच्या फायली साठवण्यासाठी आणि शिकण्यासाठी तेवढे पुरते.

माळ्यावरून खाली आणताना

वर्षानुवर्षे पडून असलेले यंत्र थेट विजेला जोडू नये. डेस्कटॉपचे झाकण उघडून मऊ ब्रशने धूळ काढावी. पंखा आणि त्याखालच्या धातूच्या पट्ट्या मोकळ्या कराव्यात. धुळीचा थर उष्णता कोंडून ठेवतो आणि पंखा जोरात फिरू लागतो. प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळून गेली असेल, तर ती बदलल्याने तापमान लक्षणीय उतरते. मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपली असेल, तर संगणक तारीख विसरतो. चुकीच्या तारखेमुळे पुढे सुरक्षा प्रमाणपत्रेही अडतात. ही बॅटरी घड्याळजीच्या दुकानातही मिळते.

लॅपटॉपच्या बाबतीत सर्वांत आधी पाहावी ती बॅटरी. लिथियम-आयन बॅटरी जुनी झाली, की तिच्यात वायू साठून ती फुगू शकते. टचपॅड वर उचलले जाणे, झाकण नीट न मिटणे, तळ टेबलावर डुगडुगणे ही त्याची लक्षणे. अशी बॅटरी दाबू नये, टोचू नये, चार्ज करू नये. ती काढून टाकून लॅपटॉप फक्त अडॅप्टरवर चालतो का, ते पाहावे. बॅटरी ठीक असेल तरी कायम शंभर टक्के भरलेली आणि गरम राहणे तिला मानवत नाही. अनेक लॅपटॉपमध्ये चार्जिंग ६० किंवा ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय असते. ती चालू करावी. यंत्र बंद कपाटात, गादीवर किंवा पडद्याआड ठेवू नये. हवा खेळती असलेले, पाणी आणि धुळीपासून लांब असे ठिकाण शोधावे. उष्णतेचा प्रश्न मुंबईत एप्रिल-मेमध्ये आणि विदर्भात त्याआधीच उभा राहतो.

शक्य झाल्यास एकच गोष्ट नवी घ्यावी, ती म्हणजे एसएसडी. जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकड्या फिरत असतात. त्यांच्यावर वर्षांचा भार आधीच पडलेला असतो. एसएसडीत फिरणारे काही नसते. ती कमी वीज घेते, आवाज करत नाही आणि जुन्या यंत्रात नवा दम भरते.

लिनक्सची सोबत

आधार संपलेले विंडोज तसेच ठेवून सर्व्हर चालवण्याचा विचारही करू नये. या कामासाठी लिनक्स हा रुळलेला मार्ग आहे. फिनलंडमध्ये विद्यार्थी असताना लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये त्याची सुरुवात केली. आज जगातल्या वेब सर्व्हरपैकी फार मोठा हिस्सा त्यावर चालतो. डेबियन आणि उबुंटू हे त्याचे प्रचलित अवतार. चित्रमय पडद्याविना बसवलेल्या डेबियनला एक जीबी रॅमही पुरते.

येथे यंत्राचे वय आडवे येऊ शकते. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ पासून ३२ बिटच्या जुन्या प्रोसेसरवर हा अवतार नव्याने बसवण्याची सोय बंद झाली आहे. २००८-०९ नंतरचे बहुतेक संगणक ६४ बिटचे असल्याने त्यांना ही अडचण येत नाही. त्याआधीच्या यंत्रांवर फार वेळ घालवण्यात अर्थ नाही.

पेन ड्राइव्हवर डेबियन उतरवून घ्यायचे, त्यावरून संगणक सुरू करायचा आणि विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे देत जायचे, इतके हे काम आता सोपे झाले आहे. त्यापूर्वी जुन्या डिस्कवरची छायाचित्रे आणि कागदपत्रे दुसरीकडे उतरवून घ्यावीत, कारण डिस्क पूर्ण पुसली जाते. त्यानंतर अपाची किंवा एन्जिनएक्स यांपैकी एक सर्व्हर सॉफ्टवेअर बसवायचे. अपाची १९९५ पासून, तर एन्जिनएक्स २००४ पासून वापरात आहे. दोन्ही मोफत आहेत आणि एका ओळीच्या आज्ञेने बसतात. घरातल्याच दुसऱ्या संगणकावरून किंवा मोबाइलवरून या यंत्राचा अंतर्गत पत्ता ब्राउझरमध्ये टाकला आणि स्वागताचे साधे पान दिसले, की सर्व्हर कामावर रुजू झाला. लॅपटॉप असेल, तर झाकण मिटल्यावर तो झोपी जाणार नाही अशी नोंद मात्र करून ठेवावी लागते.

आधी घरापुरता

बहुतेक घरांनी पहिले काही महिने येथेच थांबावे. घरच्या वायफायपुरता चालणारा सर्व्हर बाहेरच्या जगाला दिसत नाही, त्यामुळे धोका कमी असतो, आणि उपयोग मात्र पुरेपूर होतो. सगळ्यांच्या मोबाइलमधली छायाचित्रे एका ठिकाणी गोळा करता येतात. मुलांना स्वतःचे वेबपान लिहून घरच्यांना दाखवता येते.

शाळांसाठी ही गोष्ट आणखी मोलाची आहे. ‘किविक्स’ या मोफत सॉफ्टवेअरच्या साह्याने विकिपीडियाची संपूर्ण प्रत इंटरनेटशिवाय वाचता येते. मराठी विकिपीडियाचाही त्यात समावेश आहे. ज्या शाळेत इंटरनेट येते-जाते, तेथे एक जुना लॅपटॉप आणि एक साधा राउटर एवढ्यावर वर्गातल्या सर्व संगणकांना हा ज्ञानकोश पुरवता येतो. त्यासाठी बाहेरचा पत्ता लागत नाही आणि महिन्याचे डेटा शुल्कही पडत नाही.

पत्ता कोणता सांगायचा?

आपले पान परदेशातल्या भावंडांनाही दिसावे असे वाटले, की खरी कसरत सुरू होते. इंटरनेटवर प्रत्येक यंत्राला आकड्यांचा पत्ता लागतो. आयपीव्ही ४ या जुन्या पद्धतीत असे सुमारे ४२९ कोटी पत्ते होते. त्यांचे जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्येच वाटून संपले. तेव्हापासून पत्ते काटकसरीने वापरले जातात.

घरातला राउटर हा सोसायटीच्या फाटकावरच्या वॉचमनसारखा असतो. बाहेरच्यांना फक्त सोसायटीचा पत्ता ठाऊक असतो. आत कोणत्या घरात कोण राहते, हे वॉचमनलाच माहीत. घरातल्याने काही मागवले असेल, तर तो ते बरोबर पोचवतो. पण अनोळखी पाहुणा आला, की त्याला कोठे पाठवायचे हे कळत नसल्याने परत लावतो. सर्व्हरकडे येणारे सगळेच असे अनोळखी पाहुणे असतात. म्हणून राउटरला आधीच सांगून ठेवावे लागते, की ८० आणि ४४३ या क्रमांकांच्या दारांवर आलेल्याला अमुक यंत्राकडे पाठव. यालाच पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात.

अनेक कंपन्या मात्र याच्याही पुढे जाऊन शेकडो ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. तेव्हा आपल्या वॉचमनच्या बाहेर आणखी एक फाटक असते आणि त्याच्या किल्ल्या कंपनीकडे असतात. हे ओळखण्याची खूण सोपी आहे. राउटरच्या माहितीच्या पानावर दिसणारा बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या आकड्यांनी सुरू होत असेल, किंवा इंटरनेटवर पाहिलेल्या आपल्या पत्त्याशी जुळत नसेल, तर आपण अशा सामायिक पत्त्यामागे आहोत. त्यावर तीन उपाय आहेत. कंपनीकडून जादा शुल्क भरून स्थिर पत्ता घ्यायचा. आयपीव्ही ६ हा नवा, विपुल पत्त्यांचा मार्ग वापरायचा, ज्याच्या प्रसारात भारत जगात आघाडीवर आहे. किंवा एखाद्या सेवेमार्फत आतून बाहेर बोगदा काढायचा. फक्त कुटुंबीयांनाच पान दाखवायचे असेल, तर वायरगार्डसारखा खासगी बोगदा सर्वांत चांगला. त्यात अनोळखी कोणी येतच नाही. घरगुती जोडणीवर सर्व्हर चालवू नये अशी अट काही योजनांमध्ये असते, तेवढी आधी वाचून घ्यावी.

आकडे कोणाच्या लक्षात राहत नाहीत, म्हणून नाव घ्यावे लागते. साधे नाव वर्षाला काही शे ते हजार-बाराशे रुपयांत मिळते. देवनागरीतले ‘.भारत’ हे नाव २०१४ पासून उपलब्ध आहे. त्यामुळे पानाचा पत्ताही मराठीत असू शकतो.

कुलूप आणि राखण

सर्व्हर जगाला उघडा केला, की वाचकांआधी तेथे चोरटे पोचतात. हे चोरटे म्हणजे कोणी माणूस नसून इंटरनेटवरचे सर्व पत्ते अखंड चाचपत फिरणारी सॉफ्टवेअर असतात. सार्वजनिक पत्ता मिळाल्यानंतर थोड्याच वेळात सर्व्हरच्या नोंदवहीत परक्यांनी केलेले प्रवेशाचे प्रयत्न दिसू लागतात. घरच्या यंत्रात चोरण्यासारखे काय आहे, असे अनेकांना वाटते. चोरट्यांना पुष्कळदा आपली माहिती नकोच असते. त्यांना आपले यंत्र दुसऱ्यावर हल्ला करण्यासाठी हवे असते.

२०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक सॉफ्टवेअरने हे सिद्ध केले. कारखान्यातून आलेले पासवर्ड कधीच न बदललेले घरगुती कॅमेरे आणि राउटर त्याने लाखोंच्या संख्येने काबीज केले. त्यासाठी त्याच्याकडे होती अवघ्या साठेक प्रचलित नावे-पासवर्डांची यादी. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशाच यंत्रांच्या फौजेने ‘डिन’ या कंपनीवर हल्ला केला आणि अमेरिकेतल्या ट्विटर, नेटफ्लिक्ससह अनेक मोठ्या सेवा काही तास कोलमडल्या. ज्या घरांतून हा हल्ला झाला, त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. सांभाळ न केलेला घरचा सर्व्हर म्हणजे गल्लीत किल्ली लावून ठेवलेली मोटारसायकल आहे. ती कोण नेईल आणि कोणावर घालेल, हे मालकाच्या हातात राहत नाही.

सुदैवाने राखणीचे नियम थोडे आहेत. सुरक्षेच्या दुरुस्त्या आपोआप बसतील अशी सोय डेबियनमध्ये असते. ती पहिल्याच दिवशी चालू करावी. दुरून प्रवेश करण्यासाठी पासवर्डऐवजी डिजिटल किल्लीची फाइल वापरावी. फायरवॉल लावून फक्त गरजेची दारे उघडी ठेवावीत. राउटरचाही कारखान्याचा पासवर्ड बदलावा. बँकेची कागदपत्रे, आधार कार्डाच्या प्रती यांसारख्या गोष्टी या यंत्रावर ठेवूच नयेत. पान आणि वाचक यांच्यामधला मजकूर कोणी वाटेत वाचू नये म्हणून लागणारे प्रमाणपत्र ‘लेट्स एनक्रिप्ट’ ही संस्था २०१५ च्या अखेरीपासून मोफत देते. त्याची मुदत थोडी असते, पण नूतनीकरण आपोआप होते. महिन्यातून एकदा अर्धा तास काढून नोंदवही चाळण्याची तयारी नसेल, तर सर्व्हर घरापुरताच ठेवलेला बरा.

वीज गेली, डिस्क गेली

भारनियमनाच्या गावात लॅपटॉपचा एक फायदा लगेच लक्षात येतो. त्याची बॅटरी हीच त्याची यूपीएस असते. मात्र तेवढ्याने भागत नाही, कारण वीज गेली की राउटर बंद पडतो. राउटरसाठी मिळणारी १२ व्होल्टची छोटी यूपीएस ही उणीव भरून काढते. डेस्कटॉपच्या बायोसमध्ये, वीज परत आल्यावर यंत्र आपोआप सुरू होण्याची सोय असते. तीही चालू करून ठेवावी. पावसाळ्यात गडगडाट सुरू झाला, की प्लग आणि बाहेरून येणारी तांब्याची तार दोन्ही काढावीत. घरचे पान दोन तास बंद राहिले, तर कोणाचे काही बिघडत नाही.

हे केवळ मनाचे समाधान नाही. बार्सिलोनामधील ‘लो-टेक मॅगझिन’ या नियतकालिकाने २०१८ पासून आपले एक संकेतस्थळ बाल्कनीतल्या छोट्या सौरपॅनेलवर चालवले आहे. सर्व्हर म्हणजे एक-दोन वॉट घेणारा चिमुकला संगणक. आभाळ दिवसेंदिवस भरलेले राहिले, तर संकेतस्थळ बंद पडते, आणि वाचकांना ते आधीच सांगितलेले आहे. पाने हलकी व्हावीत म्हणून त्यांनी छायाचित्रेही अगदी साधी, थोड्या बाइटांत मावतील अशी केली. चोवीस तासांचा हट्ट सोडला, की विजेची गरज किती खाली येते, याचा हा चालता-बोलता नमुना आहे.

डिस्क मात्र न सांगता जाते. म्हणून सर्व्हर हीच राखीव प्रत, असे कधीही समजू नये. मोलाच्या गोष्टींच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर असाव्यात आणि एक प्रत घराबाहेर असावी, हा जाणकारांचा जुना नियम आहे. एक बाह्य डिस्क घरात आणि दुसरी गावाकडच्या घरी किंवा बहिणीकडे ठेवली, तरी तो पाळला जातो. वर्षातून एकदा त्या प्रतीतून एखादी फाइल परत काढून पाहावी. न उघडलेली प्रत आहे की नाही, हे वेळ आल्यावरच कळते.

नाहीच जमले तर

सगळा हिशेब मांडून झाल्यावर काही यंत्रे या नोकरीला अपात्र ठरतीलच. फार वीज खाणारी, ३२ बिटची किंवा फुगलेल्या बॅटरीची. ती परत माळ्यावर टाकणे हा उपाय नव्हे आणि भंगारवाल्याला देणे तर नव्हेच. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला आणि त्यातला फक्त २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेल्याची नोंद आहे. उरलेल्यातला बराचसा उघड्यावर जाळला जातो किंवा आम्लात बुडवून त्यातला धातू काढला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये खास मुलांवरील परिणामांविषयी अहवाल काढून याकडे लक्ष वेधले. या कामातून बाहेर पडणारे शिसे मुलांच्या वाढत्या मेंदूला इजा करते आणि अशा वस्त्यांमध्ये काम करणाऱ्यांत मुलेही असतात.

१ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. अनेक उत्पादक जुनी यंत्रे परत घेतात. नोंदणीकृत पुनर्वापर केंद्रांची यादी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे मिळते. यंत्र देण्याआधी डिस्क नीट पुसावी किंवा काढून ठेवावी. रॅम, एसएसडी, अडॅप्टर यांसारखे चांगले सुटे भाग दुसऱ्या कोणाच्या लॅपटॉपला उपयोगी पडू शकतात.

सुस्थितीतला जुना लॅपटॉप माळ्यावर असेल, तर मात्र येता रविवार त्याला द्यायला हरकत नाही. आधी धूळ, मग बॅटरी, मग वीजमीटरचा लाल दिवा. तिन्ही ठिकाणी उत्तर समाधानकारक आले, की एका पेन ड्राइव्हच्या खर्चात सर्व्हर उभा राहतो, आणि घरातली निदान एक गोष्ट तरी परक्या कंपनीच्या नव्हे, आपल्याच यंत्रावर राहते.